बियाची झोप आणि पिकाचा तग : सातारा-सांगलीच्या शेतकऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये विचारणा होते ती "बी उगवेल ना?" अशी. ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस लांबला की तेच शेतकरी विचारतात, "शेंगेतच कोंब कसे फुटले?" एकदा उगवत नाही म्हणून काळजी, एकदा उगवलं म्हणून. दोन्हींचं उत्तर बियाच्या आतल्या एकाच यंत्रणेत आहे. गंमत म्हणजे जतच्या माळावर शाळू (रब्बी ज्वारी) पाण्यावाचून तग धरतो, त्यातही हीच यंत्रणा राबते. कराड, वाळवा, तासगाव, जत, माण, खटाव या भागांतून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे घेतले आहेत.

बी उगवलं नाही. ते झोपलंय की मेलंय, कसं कळणार?

कोरडं बी बाहेरून बघून कळत नाही, भिजवून पाहावं लागतं. झोपलेलं बी पाणी पितं, फुगतं, पण मऊ पडून कुजत नाही. मेलेलं बी चार-पाच दिवसांत चिकट होतं, त्यावर बुरशी येते आणि दाबलं की आतून लगदा निघतो.

प्रयोगशाळेत टेट्राझोलियम नावाच्या रसायनात बी भिजवतात. जिवंत पेशींचं श्वसन चालू असतं, त्यामुळे गर्भ लाल-गुलाबी होतो. मेलेला भाग पांढराच राहतो. बी झोपलेलं असेल तर ०.२ टक्के पोटॅशियम नायट्रेट, जिबरेलिन (बियाला उठवणारं संप्रेरक) किंवा काही दिवसांचा गारवा देऊन ते उगवतं का, हेही तिथे पाहतात.

सुप्तावस्था हा बियाचा दोष आहे का?

नाही, आणि हे ठासून सांगायला हवं. पाणी, हवा, ऊब सगळं मिळूनही बी काही काळ उगवत नाही, त्याला सुप्तावस्था म्हणतात. ती झाडाने लाखो वर्षांत कमावलेली सावधगिरी आहे.

आपल्याच जिल्ह्यात पाहा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या घरातच असतो. माणच्या माळावरचं रानटी बी वळवाच्या पहिल्या सरीला सगळंच्या सगळं उगवलं, तर पुढच्या उघडिपीत सगळंच करपेल. काही दाणे थांबतात म्हणून वंश टिकतो. पिकाच्या बाबतीत मात्र माणसाला एकसारखी उगवण हवी होती. हजारो वर्षं तो झटकन उगवणारेच दाणे पुढच्या पेरणीला ठेवत आला. भात, सोयाबीन आणि टोमॅटो या तिन्ही पिकांत दाणा किंवा बी हिरवं राहण्याशी आणि सुप्तावस्थेशी जोडलेलं एकच जनुक माणसाच्या निवडीत बदललं गेलं, हे २०१८ साली दाखवलं गेलं. तीन वेगळी पिकं, माणसंही वेगवेगळ्या मुलखांतली, आणि निवड एकच. आज परतीच्या पावसात होणारं नुकसान हा त्या निवडीचाच मागे राहिलेला हिशेब आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग बियाच्या आत नेमकं घडतं काय?

दोन संप्रेरकांची ओढाताण. एक ॲब्सिसिक आम्ल, ते बियाला थांबवतं. दुसरं जिबरेलिन, ते उठवतं.

दाणा भरत असताना त्यात ॲब्सिसिक आम्ल साठतं. पेशीत त्याला पकडणारी प्रथिनं असतात. २००९ साली दोन वेगवेगळ्या गटांनी ती शोधली, तोवर ही कडी अनेक वर्षं हुलकावणी देत होती. संप्रेरक या प्रथिनाला चिकटलं की दोघं मिळून 'पीपी२सी' या विकराला (एन्झाइमला) अडवतात. हे विकर एरवी 'एसएनआरके२' नावाच्या दुसऱ्या विकराला गप्प बसवून ठेवतं. ते अडकलं की एसएनआरके२ मोकळं होतं आणि 'एबीआय-५'सारख्या प्रथिनांना जागं करतं. मग तीच प्रथिनं गर्भाची वाढ थांबवणारी आणि त्याला कोरडेपणात जपणारी जनुकं चालू करतात.

जिबरेलिनची बाजू याच्या उलट. पेशीत 'डेला' गटाची प्रथिनं वाढ रोखून धरतात. जिबरेलिन आलं की ही डेला प्रथिनं मोडीत निघतात. कोंबाभोवतीचं आवरण सैल होतं. ज्वारी, गहू यांच्या दाण्यात पिठाचं साखरेत रूपांतर करणारं अमायलेज तयार होऊ लागतं. दाण्याला मोड आल्यावर तो गोडसर लागतो, तो यामुळेच.

या दोघांखेरीज 'डॉग-१' नावाचं एक जनुक आहे, ते २००६ साली ओळखलं गेलं. त्याचं प्रथिन जितकं जास्त, तितकी झोप खोल. दाणा भरताना हवा गार असेल तर हे प्रथिन जास्त तयार होतं. अभ्यास मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपावर झाला, पण गहू-जवासारख्या पिकांतही दाणा भरतानाचं तापमान झोपेची खोली ठरवतं. म्हणून एकाच वाणाचं बी एका हंगामात लवकर उगवतं आणि दुसऱ्या हंगामात आळस करतं. दुकानदाराने फसवलंच असेल असं नाही. आईझाडाने कोणती हवा सोसली, हे बी लक्षात ठेवतं.

याचा दुष्काळाशी काय संबंध?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण सगळ्या विषयाचा गाभा इथेच आहे.

शेतात ओल कमी पडली की झाडात ॲब्सिसिक आम्ल वाढतं. वर सांगितलेली तीच साखळी, तीच पकडणारी प्रथिनं, त्याच गटातली विकरं पानात कामाला लागतात. इथे एसएनआरके२ गटातलं विकर पर्णरंध्राच्या दोन रक्षक पेशींतला एक मार्ग उघडतं. त्यातून क्षार बाहेर पडतात, मागोमाग पाणी निघतं, पेशी सैल पडतात आणि रंध्र मिटतं. बाष्प जाणं थांबतं. बियात जी साखळी "थांब" म्हणते, तीच पानात "पाणी राख" म्हणते.

बियाची करामत त्याहून मोठी आहे. पिकलेल्या दाण्यात जेमतेम ८ ते १२ टक्के पाणी उरतं. पान इतकं सुकलं तर मेलेलंच असतं. बी जगतं ते दोन गोष्टींमुळे. एक, दाणा सुकण्याच्या शेवटच्या टप्प्यात तयार होणारी 'एलईए' गटाची प्रथिनं. ती कापसाच्या बियात पहिल्यांदा सापडली, १९८१ साली. पाणी गेल्यावर इतर प्रथिनं एकमेकांना चिकटून निकामी होऊ नयेत, पेशीचे पडदे फाटू नयेत, हे काम त्यांचं. दुसरी, सुक्रोज आणि रॅफिनोजसारख्या साखरा. पाक घट्ट होऊन चिक्कीत काचेसारखा कडक होतो, तसं पेशीतलं द्रव्य घट्ट होतं आणि आतल्या घडामोडी जवळजवळ थांबतात.

कास पठारावर फुलांच्या हंगामानंतर गेलात तर कातळावर ट्रायपोगॉनसारखी बारीक गवतं वाळून तपकिरी झालेली दिसतील. ती मेलेली नसतात. पाऊस लागला की तीच पानं काही तासांत पुन्हा ताजी होतात. अशा वनस्पती बियासाठी असलेली ही एलईएची आणि साखरांची तयारी पानामुळांतही वापरतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटातल्या अशा ६२ जातींची नोंद केली आहे. लोक रंगीत फुलांचे फोटो काढून परततात, पायाखालच्या कातळावरचं हे वाळकं गवत मात्र कोणी बघत नाही. दुष्काळी पिकांच्या संशोधनासाठी ते फार मोलाचं आहे. कृपया त्यावर गाड्या लावू नका.

आमचा भुईमूग काढणीला आला आणि पाऊस लागला. शेंगा जमिनीतच उगवल्या. कशामुळे?

वाण उपटा (उभट वाढणारा) असणार. एसबी-११, फुले प्रगती, टीएजी-२४ हे उपटे वाण तीन-साडेतीन महिन्यांत येतात, पण त्यांच्या ताज्या दाण्याला झोप जवळजवळ नसते. शेंग पक्व झाली आणि जमिनीत ओल राहिली की दाणा त्याच रात्री कामाला लागतो. पसऱ्या आणि निमपसऱ्या वाणांत झोप चांगली असते. आपल्या भागात पूर्वी कराड ४-११ हा पसरा वाण घेत. तो उशिरा येई, पण ओल्या रानात राहिला तरी त्याच्या शेंगा सहसा उगवत नसत. पुढे ऊस, पाणी आणि दुसऱ्या पिकाची घाई आली तसे आपण उपट्याकडे वळलो. वेळ वाचला, विमा गेला.

भुईमुगात आणखी एक संप्रेरक महत्त्वाचं आहे, ते म्हणजे इथिलीन वायू. उगवणारा दाणा स्वतः इथिलीन तयार करतो, झोपलेला फारच कमी करतो. झोपलेल्या दाण्याला बाहेरून इथिलीन दिलं तर तो उठतो. पसऱ्या वाणाची एक शेंग फोडून पाहा. टोकाकडचा दाणा लवकर उठतो, देठाकडचा जास्त झोपाळू असतो. एका शेंगेतल्या दोन दाण्यांतही झाड धोका वाटून ठेवतं.

यावर उपाय वाणाचाच आहे. पैदासकार उपट्या वाणांत दोन-तीन आठवड्यांची झोप आणण्याचा प्रयत्न करतात. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या टीजी-२६ सारख्या वाणांत अशी झोप आहे. तेवढी पुरेशी असते, कारण पावसाचा फटका बसतो तो काढणीच्या आसपासच. बियाणं घेताना उत्पादन आणि तेलाचा उतारा विचारता, तसं "ताज्या दाण्याला सुप्तावस्था किती दिवस?" हेही विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर कृषी विज्ञान केंद्रात विचारा. आणि पसऱ्या वाणाचं बी काढल्या काढल्या लगेच पेरू नका, त्याला विसावा द्या. कोरड्या साठवणीत झोप आपोआप उतरते.

सोयाबीनचं घरचं बी उगवत नाही. त्यालाही सुप्तावस्था असते का?

लागवडीच्या सोयाबीनला झोप नसते. त्याचा त्रास वेगळा आहे. बीजावरण पातळ आणि कोंबाचा मूळभाग त्या आवरणाच्या लगेच खाली. मळणीत ड्रम जोरात फिरला, पोतं उंचावरून आपटलं, की तो भाग मोडतो. दाणा वरून टपोरा दिसतो, आतून पांगळा असतो. शिवाय पक्व शेंगांवर पाऊस पडून ऊन पडलं की दाणा फुगतो, आक्रसतो, आवरणाला सुरकुत्या पडतात. पाऊस लांबला तर शेंगेतच कोंब येतात. असा माल तेलाला चालेल, बियाला ठेवू नका. सोयाबीनच्या रानटी भावंडाचं बी काळं, टणक, पाणी आत न घेणारं असतं. माणसाने तो टणकपणा घालवला, आणि साठवणीतला दम त्याबरोबर गेला.

घरी तपासणी अशी करा. न निवडता १०० दाणे घ्या. गोणपाट भिजवून पिळा, दाणे दहा-दहाच्या ओळीत सुटे मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट घालून सैल गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. पाणी शिंपडत राहा, पण साचू देऊ नका. सहा-सात दिवसांनी ज्यांना सरळ मूळ आणि धड कोंब आहे तेवढेच मोजा. नुसतं फुगलेलं, अर्धं मोडलेलं, मूळ तपकिरी पडलेलं बी धरू नका. मोह होतो, पण धरू नका. सोयाबीनला आणि भुईमुगाला प्रमाणित बियाण्याची किमान उगवण ७० टक्के ठरलेली आहे. सोयाबीनचं एकरी ३० किलो हे माप ७० टक्क्यांसाठी आहे. ६० भरली तर ३५ किलो घ्या. त्याहून बरीच खाली असेल तर ते बी पेरूच नका.

सोयाबीन पेरणीआधी पाण्यात भिजवू नये, हेही लक्षात ठेवा. कोरडा दाणा एकदम पाणी ओढतो आणि पेशीचे पडदे फाटतात. ज्वारी-गव्हाचं बी काही तास भिजवून सावलीत सुकवून पेरल्याचा फायदा होतो. तो नियम सोयाबीनला लावू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वापसा आल्याशिवाय पेरणीची घाई नको.

मटकी भिजवली तरी काही दाणे गणंग राहतात. ते काय?

तीही एक सुप्तावस्थाच, पण आवरणाची. त्या दाण्याच्या सालीतल्या उभ्या पेशींचा थर मेणकट आणि इतका घट्ट असतो की पाणी आतच जात नाही. संप्रेरकांचा प्रश्नच येत नाही. साल जरा घासली की दाणा काही तासांत फुगतो. बाभूळ, सुबाभूळ यांच्या बिया गरम पाण्यात टाकून किंवा घासून लावतात ते याचसाठी.

शाळू पाण्याशिवाय येतो तो नेमका कशाच्या जोरावर?

काळ्या रानातल्या साठलेल्या ओलीवर, आणि ती जपून वापरण्याच्या गुणांवर. खोल मुळं, पानावर-ताटावर मेणाचा पांढरा थर, ऊन वाढलं की पानाची सुरळी. मालदांडी ३५-१ हा वाण मोहोळला निवडून काढला, तो आजही जत-आटपाडीच्या रानात टिकून आहे याचं कारण हेच.

ज्वारीत 'हिरवं राहण्याचा' गुण असतो, म्हणजे दाणा भरताना ओल संपत आली तरी वरची पानं वाळत नाहीत. त्याच्याशी जोडलेले गुणसूत्रांवरचे चार भाग ओळखले गेले आहेत. ते असलेल्या झाडाला फुटवे कमी येतात, फुलोऱ्याआधी ते पाणी कमी खर्च करतं आणि उरलेलं पाणी दाण्याच्या वेळी वापरतं. काटकसर आधी केलेली असते, फळ मागाहून दिसतं.

ताणात वाढलेल्या कोवळ्या ज्वारीत धुरिन हे द्रव्य साठतं, त्यातून जनावराच्या पोटात सायनाईड तयार होतं. खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत किंवा कापणीनंतर फुटलेल्या धुमाऱ्यांवर जनावरं सोडू नका.

टारफुला दरवर्षी येतोच. बी संपत का नाही?

टारफुला हे पिकाच्या मुळांवर जगणारं परजीवी तण. त्याचं बी धुळीच्या कणाएवढं असतं, एका झाडाला हजारोंनी येतं आणि जमिनीत अनेक वर्षं झोपून राहतं. नुसत्या पाण्याने ते उठत नाही. आधी ओल आणि ऊब लागते, मग शेजारी यजमान पिकाचं मूळ आल्याची खूण लागते. ती खूण म्हणजे मुळातून झिरपणारी स्ट्रायगोलॅक्टोन द्रव्यं.

पीक ही द्रव्यं सोडतं ते उपयोगी बुरशीला बोलावण्यासाठी, विशेषतः स्फुरद कमी पडतं तेव्हा. टारफुला तो निरोप चोरून ऐकतो. त्याच्याकडे हे द्रव्य ओळखणारं प्रथिन इतकं तिखट आहे की नावाला मात्रा असली तरी पुरते. काही ज्वारींत एका जनुकात बदल होऊन स्ट्रायगोलॅक्टोनचा प्रकारच बदलतो. अशा मुळांजवळ टारफुल्याचं बी फारसं उठत नाही. २०१७ साली हे जनुक ओळखलं गेलं.

ऊस-ज्वारीच्या रानात चवळी, भुईमूग, सोयाबीन यांची फेरपालट करा. त्यांच्या मुळांमुळे टारफुल्याचं बी उठतं, पण त्याला चिकटायला यजमान मिळत नाही आणि ते मरतं. स्फुरदाची कमतरता ठेवू नका. टारफुला फुलावर यायच्या आत उपटा. फूल आल्यावर उपटून बांधावर टाकलं तर बी पुन्हा रानातच येतं.

द्राक्षाचं पेस्टिंग आणि हळदीच्या बेण्याचा विसावा हेही यातच येतं का?

बी नाही, पण डोळ्याची झोप तीच. पेस्टिंगमध्ये हायड्रोजन सायनामाइड काडीवर लावलं की डोळ्यातल्या पेशींना जाणूनबुजून झटका बसतो, ऑक्सिजनचा वापर बिघडतो, ॲब्सिसिक आम्ल मोडण्याचा वेग वाढतो आणि डोळे एकसारखे फुटतात. हे विष आहे. हातमोजे, चष्मा हवाच, आणि काम करण्याच्या आधी व नंतर दारू अजिबात नको. शरीरात दोन्ही एकत्र आले तर जिवावर बेततं.

हळदीच्या बेण्याला काढणीनंतर दोन-अडीच महिने विसावा लागतो. सावलीत, हवेशीर ढिगात ठेवलेल्या गड्ड्यांचे डोळे फुगले की लागण करा.

कृष्णाकाठची जमीन क्षारपड झालीय. बी उगवत नाही, उगवलं तर करपतं.

मिरज, वाळवा, पलूस भागातलं हे जुनं दुखणं. क्षार जास्त असले की बियाला पाणी ओढता येत नाही, आतलं ॲब्सिसिक आम्ल उतरत नाही आणि उगवण लांबते. उगवल्यावर सोडियम पानात चढतो. काही भातांत आणि गव्हांत मुळाजवळच सोडियम परत ओढून घेणारं एक प्रथिन असतं. भातात त्याचं जनुक २००५ साली सापडलं. असे वाण मदत करतात, पण पाण्याचा निचरा केल्याशिवाय कोणतंही जनुक ही जमीन सुधारणार नाही. चर आणि भूमिगत निचरा आधी, वाण नंतर.

जनुक बदललेलं दुष्काळ सोसणारं बियाणं आलंय म्हणतात. घ्यावं का?

दोन प्रकार वेगळे ठेवा. परक्या जीवाचं जनुक घातलेलं पीक म्हणाल तर भारतात लागवडीला प्रत्यक्ष उतरलेलं पीक बीटी कापूस, तेही २००२ पासून. दुसरा प्रकार जनुक-संपादनाचा. त्यात झाडाच्या स्वतःच्याच जनुकात बारीक बदल करतात. मार्च २०२२ मध्ये केंद्राने परकं जनुक नसलेल्या अशा वाणांना काही नियमांतून सूट दिली. मे २०२५ मध्ये दोन भातवाण जाहीर झाले. त्यातल्या पुसा डीएसटी राईस १ मध्ये ताण सोसण्याला आडकाठी करणारं जनुक बंद केलं आहे. भुईमूग, सोयाबीन किंवा शाळूचं असं बियाणं कोणी तुमच्या गावात विकत असेल तर पावती आणि लेबल मागा. दाखवता आलं नाही तर घेऊ नका.

आणि एक धोका समजून घ्या. ॲब्सिसिक आम्लाची साखळी जास्त तिखट केली की पीक ताण सोसतं, पण रंध्रं मिटलेली राहून वाढ कमी होते, बीही उशिरा उगवतं. फुकट काही मिळत नाही. म्हणून चांगला वाण नेमक्या वेळी आणि नेमक्या भागात ताण ओळखणारा असावा लागतो.

घरचं बी किती दिवस टिकतं आणि कसं ठेवावं?

अमेरिकेत मिशिगनला १८७९ साली बाटल्यांत पुरलेलं तणाचं बी २०२१ साली काढलं, तेव्हा त्यातलं काही उगवलं. पिकाचं बी इतकं थांबत नाही, पण नियम सगळ्यांना सारखाच. ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान ओलावा एका टक्क्याने उतरवला की टिकण्याचा काळ साधारण दुप्पट होतो, तापमान ५ अंशांनी उतरलं तरी तसंच. म्हणजे पोत्याची जागा बदलण्याआधी दाणा नीट वाळवा. दाताने चावला की कटकन तुटला पाहिजे.

सोयाबीन कडक उन्हात फरशीवर टाकू नका, ताडपत्रीवर सकाळचं ऊन पुरे. पोत्यांखाली लाकडी फळ्या ठेवा, भिंतीपासून लांब ठेवा, चार-पाच पोत्यांपेक्षा उंच थप्पी नको. खताच्या गोण्यांच्या खोलीत बी ठेवू नका. भुईमुगाचं बी शेंगेतच राहू द्या आणि पेरणीच्या आठवडाभर आधी हाताने फोडा.